सर्कशीचं घराणं: कुरुंदवाडच्या पागेपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत

कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं जुनं संस्थानी गाव. नदीपलीकडे नरसोबावाडी, थोडं पुढे गेलं की कर्नाटकाची हद्द. भारतीय सर्कशीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या गावापासून करावी लागते. कारण देशातली पहिली स्वतःची सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पागेचे प्रमुख होते. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं अंकलखोप. घोड्यांचं शिक्षण ते ग्वाल्हेरला जाऊन घेऊन आले आणि तिथेच हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकले. म्हणजे भारतीय सर्कशीचा पाया घातला गेला तो कोल्हापूर, सांगली आणि ग्वाल्हेर या मराठी मुलखांच्या येण्याजाण्यातून.

झालं असं की जुझेप्पे कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. ती बघायला कुरुंदवाडचे राजेसाहेब गेले, सोबत छत्रे होते. असलं काम हिंदी लोकांना जमायचं नाही, असं कियारिनी बोलून गेला आणि छत्र्यांनी पैज घेतली, अशी गोष्ट सांगितली जाते. पैजेची रक्कम प्रत्येक जण वेगळी सांगतो, ती सोडून देऊ. पक्कं एवढंच की 20 मार्च 1880 रोजी मुंबईत छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. घोड्यावरची कामं स्वतः छत्रे करत. झुल्यावरची कामं त्यांच्या पत्नी करत, अशी नोंद सर्कशीच्या इतिहासात आहे. पहिल्याच तंबूत नवरा-बायको दोघं रिंगणात उभी होती.

नंतर कारभार घरातल्याच काशिनाथपंत छत्र्यांकडे गेला. याच तंबूच्या आसऱ्याने हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ वर्षानुवर्षं राहिले. ज्या गुरूकडे विष्णुपंत गाणं शिकले, त्या गुरूचा मुलगा विपन्नावस्थेत सापडल्यावर छत्र्यांनी त्याला सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेले हे रहिमत खाँ 1922 मध्ये वारले तेही कुरुंदवाडातच. गाण्यातलं घराणं आणि सर्कशीतलं घराणं एकाच तंबूत नांदल्याचं असं दुसरं उदाहरण शोधून सापडणार नाही.

तंबू मराठी, कसरतपटू मलबारचे

छत्र्यांच्या मागोमाग कृष्णाकाठाने सर्कशींचं पीकच काढलं. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची, परशुराम लायन सर्कस ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. गावोगावच्या तालमी, मल्लखांब, कुस्ती आणि संस्थानांच्या पागा यामुळे माणूसबळ घरचंच होतं. घोडा ओळखणारा माणूस आणि खांबावर उलटा लटकणारा पोरगा, दोन्ही एकाच पेठेत मिळत.

पण या इतिहासाला लगेच केरळचा फाटा फुटतो. छत्र्यांची सर्कस 1880 च्या दशकात मलबारातल्या तलशेरीला पोचली. तिथे कळरी आणि कसरती शिकवणारे किलेरी कुञ्ञिकण्णन त्यांना भेटले. सर्कशीसाठी कलाकार तयार करून द्यायचे, असं ठरलं. कुञ्ञिकण्णन यांनी 1901 मध्ये तलशेरीजवळ रीतसर सर्कस शाळाच काढली. पुढे देशातल्या बहुतेक तंबूंमधले कसरतपटू आणि नंतर मालकही याच भागातून आले. आज सर्कस म्हटलं की मल्याळी नावं आठवतात, त्याचं मूळ या भेटीत आहे.

मराठी मालकांचे तंबू हळूहळू हात बदलत गेले. बाबूराव कदमांनी 1920 मध्ये सुरू केलेली ग्रँड बॉम्बे सर्कस 1947 मध्ये के. एम. कुञ्ञिकण्णन यांच्याकडे जाऊन ग्रेट बॉम्बे झाली. जेमिनीचा जन्म तर गुजरातेतल्या बिलिमोऱ्याचा, म्हणजे पूर्वीच्या बडोदे संस्थानातल्या गावचा. तिथे बंद पडत चाललेली विजया सर्कस एम. व्ही. शंकरन यांनी भागीदारासह विकत घेतली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी नव्या नावाने खेळ सुरू केला. हे ‘जेमिनी शंकरन’ एप्रिल 2023 मध्ये वारले, तोवर कारभार मुलांच्या हाती गेला होता. उलट दिशेचं उदाहरण ग्रेट रॉयलचं. 1909 मध्ये ‘मधुस्कर सर्कस’ म्हणून निघालेला हा तंबू पुढे नारायणराव वालावलकरांनी चालवला. स्वतः जनावरं शिकवणारे मालक अशी त्यांची ख्याती होती.

घराणं म्हणजे नक्की काय

सर्कशीत ‘घराणं’ हा शब्द सैल वापरला जातो. एक असतं मालकाचं घराणं. तंबू, खुर्च्या, दिवे, ट्रक आणि कर्ज यांचा वारसा त्यांच्याकडे. दुसरं असतं कलाकाराचं घराणं, ज्यात बाप झुल्यावर पकडणारा, आई तारेवर चालणारी, आणि मूल चालायला लागल्यापासून रिंगणाच्या कडेला लोळत वाढलेलं. तिसरं म्हणजे अख्खा तंबूच. लग्नं तंबूत जमतात, बारशी तंबूत होतात, भांडणं मॅनेजर मिटवतो.

पुण्याचे दामू धोत्रे हे कलाकार घराण्याचं सर्वांत गाजलेलं मराठी नाव. जन्म 1902 चा. मामा शेलार यांची सर्कस होती, तिथे पोरवयातच दामूने रिंगण पाहिलं. वाघ-सिंहांचा शिक्षक म्हणून युरोपात नाव काढून ते 1940 मध्ये अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत पोचले. त्या काळी जगातला सर्वांत मोठा तंबू तो. मामाच्या तंबूत फी न भरता झालेलं शिक्षण त्यांना तिथवर घेऊन गेलं.

‘फी न भरता’ हे शब्द महत्त्वाचे. सर्कशीचा जुना हिशेब पाहिला तर एक खर्च कुठेच लिहिलेला दिसत नाही, तो म्हणजे शिक्षणाचा. झुल्यावरचा कसरतपटू तयार व्हायला काही वर्षं लागतात. हाडं लवचीक असताना सुरुवात करावी लागते. ती वर्षं कोण पोसणार? घराण्यात हा प्रश्नच यायचा नाही. मूल घरचं, शिकवणारी आई घरची, जागा तंबूतली, जेवण भटारखान्यातलं. खर्च होत होता, पण वहीत येत नव्हता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सर्कस बदलली ती मुख्यतः हा न लिहिलेला खर्च वहीत आल्यामुळे. लोक मात्र सगळं खापर वाघ-सिंहांच्या बंदीवर फोडतात.

वाघ गेले ते कसे

ती बंदी मोठी होती यात शंका नाही. केंद्र सरकारने 14 ऑक्टोबर 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून खेळात दाखवायला मनाई केली. सर्कसवाले कोर्टात गेले. केरळ उच्च न्यायालयाने जून 2000 मध्ये त्यांची याचिका फेटाळली, आणि 1 मे 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम ठेवली. मग पिंजरे गेले ते बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणच्या बचाव केंद्रांत. तिथे या जनावरांची पैदास होऊ द्यायची नाही असं ठरलेलं होतं, कारण सर्कशीतले बरेच सिंह आशियाई आणि आफ्रिकी संकराचे. म्हणजे ती शेवटचीच पिढी. पुढच्या काळात हत्तीही गेले, केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने सर्कशींच्या मान्यता काढत नेल्या तसतसे.

मालकांना तोटा दुहेरी झाला. सिंह म्हणजे खेळ तर होताच, शिवाय जाहिरातही होता. तंबू गावात पडला की हत्ती रस्त्याने फिरवला जायचा, आणि रात्री डरकाळी ऐकू आली की चार गल्ल्यांना कळायचं. ही जाहिरात फुकट होती. दुसरीकडे मांसाचा, महावताचा, पशुवैद्याचा खर्चही वाचला. निव्वळ आकड्यांत बघितलं तर तंबू तग धरू शकला असता, आणि काही धरूनही राहिले. घराण्यांना खरा फटका बसला तो शिक्षकांच्या बाजूने. सिंह शिकवणाऱ्याची विद्या एका दिवसात निरुपयोगी झाली. पन्नाशीच्या माणसाला झुल्यावर चढवता येत नाही. काही जण तंबूच्या दारावर तिकिटं फाडू लागले, काही जनरेटर सांभाळू लागले.

एक गंमत अशी की रिंगणाचा आकार मात्र अजून घोड्याचाच आहे. इंग्लंडात फिलिप ॲस्टलीने 1768 मध्ये घोडेस्वारीचे खेळ गोल मैदानात सुरू केले. 42 फूट व्यासाचा गोल ठेवला की दौडत्या घोड्याच्या पाठीवर उभ्या माणसाचा तोल नीट राहतो, हे पुढे ठरून गेलं. घोडे नसलेल्या तंबूतही रिंगण तेवढंच आखतात.

मुलांचा प्रश्न

जनावरांइतकी चर्चा मुलांची झाली नाही, पण सर्कस घराण्यांचं भवितव्य ठरवलं ते इथे.

घरची मुलं पुरेनाशी झाली तेव्हा तंबूंनी बाहेरून मुलं आणायला सुरुवात केली होती. आसाम, बंगाल आणि विशेषतः नेपाळमधून. दलाल गावात जायचा, आईबापांच्या हातावर थोडे पैसे ठेवायचा, अंगठा घ्यायचा. करार वर्षानुवर्षांचे. बऱ्याच मुलींना घरी परत जाता येत नव्हतं, मारहाण आणि त्याहून वाईट प्रकारही घडत होते. सगळेच तंबू असे होते असं नाही, पण ज्यांचे होते त्यांनी ‘आम्ही सगळं एक कुटुंब आहोत’ हीच ढाल पुढे केली. 2000 नंतर स्वयंसेवी संस्थांनी छापे घडवून आणले, मुली सोडवल्या. सोडवलेल्या काही तरुणांनी पुढे ‘सर्कस काठमांडू’ नावाने स्वतःची मंडळी काढली आणि तीच कला स्वतःच्या अटीवर सादर केली.

बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2011 रोजी निकाल दिला. सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करणारी अधिसूचना दोन महिन्यांत काढा, तंबू तपासा, मुलं सोडवा, असं केंद्राला बजावलं. त्यानंतर 2016 मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यातलं एक कलम सर्कसवाल्यांना फार लागलं. मुलांनी शाळा सांभाळून सिनेमा, मालिका, जाहिराती, खेळ अशा क्षेत्रांत काम करायला अटींसह परवानगी आहे, पण कायद्यात स्पष्ट शब्द आहेत: सर्कस वगळून.

म्हणजे दहा वर्षांची मुलगी टीव्हीच्या स्पर्धेत हवेत गिरकी घेऊ शकते. दोराच्या मल्लखांबावर चढून पदक मिळवू शकते, मध्य प्रदेशाने तर 2013 मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं आहे. तीच मुलगी आपल्या आईच्या तंबूत पगारी काम करू शकत नाही. कलाकार घराण्यांची यावर तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण टीव्हीच्या स्टुडिओतून मूल रात्री घरी जातं, तंबूतून ते कुठे जाणार? फिरत्या वस्तीत, ज्याला शेजारी नाहीत, शाळा नाही, ओळखीचा पोलीस पाटील नाही, तिथे मुलावर काय गुदरतं ते बाहेर कळायला मार्गच नसतो. कायद्याने फरक केला तो यासाठी, आणि मागचा इतिहास बघता तो करावाच लागला.

परिणाम मात्र घराण्यांनी भोगला. आता शिकायची सुरुवात कायद्याने मोठं झाल्यावर. अठराव्या वर्षी झुला पहिल्यांदा हातात धरणारा पंचविशीपर्यंत तयार होतो, आणि तिशी-पस्तिशीत खांदे बोलू लागतात. दहा वर्षांच्या कामासाठी सात वर्षं शिकायचं, तेही जेमतेम पगारावर, हे गणित तरुणांना पटत नाही. केरळ सरकारने 2010 मध्ये तलशेरीला सर्कस अकादमी काढून पाहिली. हेतू हाच की घराण्याच्या जागी शाळा यावी. काही वर्षांतच ती बंद पडली.

मुलांच्या बाजूने बघितलं तर चित्र इतकं काळं नाही. सर्कशीतल्या आईबापांची मुलं पूर्वी दर महिन्याला गाव बदलत, त्यामुळे शाळा हा प्रकारच नसे. आता बहुतेक जण मुलांना गावी आजीआजोबांकडे किंवा वसतिगृहात ठेवतात. ती शिकतात, नर्सिंगला जातात, दुबईला जातात. सुट्टीत तंबूत येतात तेव्हा पाहुण्यासारखी खुर्चीत बसून आईचा खेळ बघतात. आईलाही तेच हवं असतं. कला टिकावी असं म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून घ्यायला हवं.

आता तंबू चालतो कसा

जी विद्या घरात फुकट मिळायची ती आता विकत घ्यावी लागते. म्हणून आजच्या मोठ्या तंबूंत इथिओपिया, केनिया, टांझानिया, रशिया, मंगोलिया अशा देशांतले कलाकार ठरावीक महिन्यांच्या करारावर येतात. मणिपूर, आसाम, बंगाल, नेपाळमधले प्रौढ कलाकार पगारावर असतात. मालक घराणं टिकलंय, कलाकार घराणं पातळ झालंय, असा हा सौदा आहे. विमानाची तिकिटं, व्हिसा, राहण्याची सोय हे सगळं महिन्याच्या खर्चात चढतं.

खर्चाची दुसरी बाजू मैदान. गावाच्या मध्यावरची मोकळी मैदानं एकतर बांधली गेली, नाहीतर प्रदर्शनं, सभा आणि क्रिकेट स्पर्धांना जातात. बेळगाव असो, इंदूर असो की कोल्हापूर, तंबूला जागा मिळते ती शहराच्या कडेला, आणि तिथवर लोकांना आणायला जाहिरात करावी लागते. मैदानाचं भाडं आणि अनामत, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, पोलीस परवाना, तात्पुरती वीज, हे सगळं पहिला खेळ होण्याआधी भरावं लागतं. पाऊस आला तर खेळ बुडतो, भाडं बुडत नाही.

कराच्या बाबतीत मात्र थोडा दिलासा मिळाला. पूर्वी राज्याराज्यांचा करमणूक कर वेगळा असे आणि हद्द ओलांडली की नियम बदलत. जीएसटी आल्यावर सर्कशीच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या तिकिटाला सूट मिळाली. ही मर्यादा सुरुवातीला 250 रुपये होती, जानेवारी 2018 पासून ती 500 रुपये झाली. म्हणूनच बऱ्याच तंबूंचं महागडं तिकीटही पाचशेच्या आतबाहेर घुटमळताना दिसतं. हद्दीवरच्या गावांत फिरणाऱ्या तंबूला एकच नियम असणं ही सोय आहे, बाकी परवाने प्रत्येक राज्यात नव्याने काढावे लागतातच.

कोविडच्या टाळेबंदीने या सगळ्यावर एकदम पडदा टाकला. मार्च 2020 मध्ये जो तंबू जिथे होता तिथेच अडकला. पी. टी. दिलीप यांनी 1991 मध्ये उभ्या केलेल्या आणि आता मुलगा सुजित दिलीप चालवत असलेल्या रॅम्बो सर्कशीचा मुक्काम तेव्हा नवी मुंबईत ऐरोलीला होता. तिकीटविक्री बंद, माणसं तंबूतच, आणि जेवण दात्यांच्या भरवशावर. त्याच सप्टेंबरात त्यांनी खेळ चित्रित करून ऑनलाइन तिकिटावर दाखवला. मोबाईलवर सर्कस बघणं म्हणजे जाळी नसलेला झुला टीव्हीवर बघण्यासारखं. धडकी भरत नाही. पण तंबू जिवंत आहे एवढं तरी लोकांना कळलं.

जनावरांच्या जागी काय, याचीही उत्तरं शोधली जात आहेत. काही तंबूंत यंत्रावर चालणारा हत्ती येतो, कुठे दोन माणसं आत शिरून जिराफ चालवतात. लहान मुलं खूश होतात. आजोबा मात्र खऱ्या सिंहाची आठवण काढल्याशिवाय राहत नाहीत. जोकरचं काम वाढलं आहे, लोखंडी जाळीच्या गोळ्यातल्या मोटारसायकली अजून हमखास टाळ्या घेतात, आणि गाणी ताज्या सिनेमांची वाजतात.

ज्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये दामू धोत्रे सिंहांपुढे उभे राहिले, तीही एका कुटुंबाची मालमत्ता आहे, फेल्ड कुटुंबाची. त्यांनी 2016 मध्ये हत्ती काढले, मग प्रेक्षक घटले आणि मे 2017 मध्ये सर्कसच बंद केली. 2023 मध्ये ती परत आली ती एकही जनावर न घेता. फेल्ड कुटुंबाकडे थांबायला सहा वर्षं होती, कारण त्यांचे बर्फावरचे आणि मोटारींचे इतर खेळ चालू होते. आपल्याकडच्या तंबूमालकाकडे दुसरा धंदा सहसा नसतो. दोन महिने खेळ बंद राहिला तर ट्रकचा हप्ता थकतो. म्हणून बदल करायचा तोही रोजचे दोन-तीन खेळ चालू ठेवून, दुपारच्या खेळाला अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर नवा प्रयोग करून बघत, आणि संध्याकाळी तो चालला नाही तर पुन्हा जुनाच लावून.